देठातून मोडलेली कळी

दगडाची भाषा आमच्या गावात शेंबडं पोरही वाचायचं. मोडका खांब म्हणजे भर उमेदीत गेलेला कर्ता पुरुष, उलटी मशाल म्हणजे विझलेला जीव, आयव्हीच्या सदाहरित वेलीचं पान म्हणजे न सुकणारी आठवण. देठातून मोडलेली गुलाबाची कळी म्हणजे मूल. रविवारी जेवणं उरकली की लोक ठेवणीतले कपडे घालून टेकडीवरच्या दफनभूमीत फिरायला जायचे आणि मेलेल्यांची हजेरी घ्यायचे. गिरण्यांच्या धुराबाहेर झाडं म्हणून तेवढीच होती.

जुन्या चर्चचं आवार थडग्यांनी ओसंडून वाहायला लागलं, शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी कंपनी काढून ही टेकडी घेतली. वळणावळणाच्या वाटा, देवदार, ग्रीक देवळासारखं फाटक. इतकी चांगली हवा आमच्याकडे जिवंत माणसांनाही मिळाली नव्हती. उत्तरेच्या उतारावर, दाट कुंपणाआड, जागा विकत घेणं न परवडणाऱ्यांसाठी सामायिक जमीन होती. तिथं एका खड्ड्यात एकमेकांना अनोळखी माणसं एकावर एक ठेवत आणि वर गवत लावत. दगडाला मनाई होती. कुणी लाकडाचा क्रूस रोवलाच, तर माळी सोमवारी उपटून टाकी. त्यानं देखावा बिघडतो असं कंपनीचं मत होतं.

एनॉक गार्साइड हा कंपनीचा पाथरवट. सगळ्या गावाच्या मुलांच्या कळ्या त्याच्याच हातच्या. त्याची लहानगी मुलगी टेमर घटसर्पानं गेली आणि सामायिक जमिनीत गेली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, बहुधा एनॉकलाही नाही. वाटलं ते त्याच्या बायकोला, कझायाला. गवत सारखं केल्यावर तिला जागाही ओळखू येईना.

"दगड नको मला," ती म्हणाली. "रविवारी कुठं तोंड करून उभं राहायचं, तेवढं सांग."

त्याच सुमारास लोकरीचे व्यापारी ऑबदाया क्रॅब्ट्री वारले. वय झालेलं, लग्न केलेलं नाही. त्यांच्या बहिणीनं, मिस लव्हिनियानं, थडग्यावर वस्त्र पांघरलेला भला मोठा दगडी कलश करायला सांगितला. तो उभा राहिला नेमका कुंपणाला लागून. एनॉकनं त्याच्या मागच्या अंगाला, खाली, उताराकडे तोंड करून अंगठ्याएवढी एक कळी कोरली. पुढून पाहणाऱ्याला ती दिसायचं कारण नव्हतं.

कझाया दर रविवारी तिथं जाऊन उभी राहू लागली. निघताना कळीला बोट लावायची. त्या उन्हाळ्यात ती पुन्हा पोटभर जेवायला लागली.

मग एकीची छत्री वाऱ्यानं कलशामागे गेली. ती आणायला दोघी बायका वळसा घालून गेल्या.

"अगं, इथं कळी कशी? ते तर बिनलग्नाचे होते ना?"

"होते ना. म्हणून तर मागे कोरलीय."

पानगळ व्हायच्या आत गावानं त्या मुलाला आईही शोधून दिली. शोधायला फार लांब जावं लागलं नाही; दर रविवारी ती कळीला बोट लावून उभीच असे. टेमर बापाच्या वळणावर गेली नव्हती, हेही आता पुष्कळांना आठवलं.

दफनभूमीचे व्यवस्थापक हॉल्डन यांनी एनॉकला बोलावलं. कळी त्याच्या हातची आहे का, असं विचारलं. त्यानं होकार दिला.

"कुणासाठी कोरलीस?"

"माझ्या मुलीसाठी, साहेब."

हॉल्डन तसे वाईट गृहस्थ नव्हते. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे बाहेर बोलू नकोस, गार्साइड. लोक तेच तर म्हणताहेत."

एनॉकला कळायला जरा वेळ लागला. कामावरून काढला तर बोभाटा वाढेल, म्हणून त्याला ठेवून घेतलं. कळी त्यानंच तासून काढायची, असं ठरलं. तिथं खळगा दिसू नये म्हणून मिस लव्हिनियाची इच्छा अशी, की त्या जागी आयव्हीचं पान कोरावं.

त्यानं ते कोरलं. शीर न् शीर दिसते. कंपनीचे संचालक पाहुण्यांना मुद्दाम मागे नेऊन ते पान दाखवतात.

पुढच्या रविवारी कझायानं टोपी घातली, हातमोजे चढवले आणि दाराकडे गेलीच नाही. आमच्या गल्लीतली घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागे खिडकी नसते. टेकडी त्याच अंगाला. ती मागच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

"तिची जागा नक्की याच अंगाला आहे ना?" तिनं विचारलं.

एनॉक म्हणाला, "हं."

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं रडत होतं. त्यानं चहा ओतला. चहा निवला, तरी ती उभीच होती.