बुधवारचा तास

जपानला मराठी शिकवायला जाते म्हटल्यावर पनवेलमध्ये प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "तिकडे मराठी कोणाला हवंय?" हवं होतं, एका कंपनीला. तिने उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांचं काम घेतलं होतं. तिची माणसं दोन-तीन वर्षं पनवेलला येऊन राहणार होती, आणि इथल्या ड्रायव्हरांशी, हमालांशी मराठीत बोललं की कामं लवकर होतात असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्या कोणाचं मी आजही भलं चिंतते.

मी तेव्हा पनवेलच्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवत होते. नोकरी कायमची, आवाज खणखणीत. तिकडच्या भाषा-संस्थेचा करार मात्र सहा महिन्यांचा. शेवटी तोंडी परीक्षा. विद्यार्थी बोलले तर पुढची तुकडी माझी, नाही बोलले तर मी घरी. शाळेतली नोकरी सोडूनच जावं लागलं. माझी खुर्ची कोण घेणार हे स्टाफरूममध्ये माझ्यादेखत ठरलं. आई एवढंच म्हणाली, "हात हलवत परत येऊ नकोस."

तिथे राहायला मी लवकर रुळले. खोली एवढीशी, पण उन्हाची. खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांची जुनी सायकल मला दिली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा सायकलवरून पडायला शिकले. भात चिकट होता, पण भात होता. मासे तर उत्तमच. फक्त ते प्लॅस्टिकमध्ये गप्प पडलेले असत आणि वर किंमत चिकटवलेली असे. उचलायचे, पैसे द्यायचे, मान लववायची, चालू लागायचं. पहिले काही दिवस मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

अडलं ते वर्गात. विद्यार्थी पाच, पाचांचंही अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. गृहपाठात चूक शोधायला भिंग लागलं असतं. पण प्रश्न विचारला की पाचही माना खाली. वाक्य मनात पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करणाऱ्या गावातून मी आलेली. ती शांतता मला सोसेना. मुळात माझं डोकं लवकर तापतं. एकदा मी टेबलावर डस्टर आपटलं, तर पाचही जणांनी उभं राहून, कमरेत वाकून माझी माफी मागितली. आठवडाभर मला स्वतःची लाज वाटत होती.

त्यांतले सगळ्यात थोरले पन्नाशी ओलांडलेले होते. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. पनवेलला सगळ्यांत आधी त्यांनाच यायचं होतं, आणि सगळ्यांत कमी तेच बोलत. तीन महिने उलटले तरी "नमस्कार बाई" आणि "येतो बाई" यांच्यामध्ये काही नव्हतं. रात्र वैऱ्याची म्हणतात तसे माझे दिवसच वैऱ्याचे झाले. हात हलवत परत जाण्याची मी मनाची तयारी करू लागले.

माझे दुपारचे एक वाजत तेव्हा पनवेलला सकाळचे साडेनऊ. आई मासळी बाजारात पोचली की मला फोन करी, ताजं पापलेट दाखवून जळवायला. एका बुधवारी मी फोन गप्प करायला विसरले. वर्गात तो वाजला, घाईत बंद करायच्या ऐवजी मी उचलला, आणि तोही स्पीकरवर.

"ताय, या भावात पापलेट नाय, काटा मिलंल." ही आमची नेहमीची कोळीण. उरणकडून येणारी, माझ्या लहानपणापासून आम्हाला मासे घालणारी.

"मग काटाच दे, मांजराला घालते," आई म्हणाली. "चालले मी."

"जा, जा. त्या पल्याडच्या बाईकडं जा, शिळा खा."

मी घाईघाईने फोन बंद केला. आणि काका म्हणाले, "बाई, भांडण?"

एकच शब्द, पण तो त्यांनी आधी जुळवलेला नव्हता. तोंडातून निसटला होता.

"नाही," मी म्हटलं, "बाजार."

"आई रागावली?" दुसरा म्हणाला. "आई उद्या परत जाणार?" तिसरा. आणि काका पुन्हा, काळजीने, "मासा मिळाला?" मला हसू आवरेना. तीन महिने मी तक्ते रंगवत बसले होते.

पुढच्या बुधवारी आईने ठरल्याप्रमाणे फोन कोळणीच्या तोंडासमोर धरला. आधी काका. उभे राहून, नीट उच्चार करत त्यांनी विचारलं, "पापलेट कितीला आहे?"

"पाशशेला जोडी."

"ठीक आहे. धन्यवाद." काका खाली बसले.

"पोरी," कोळीण मला म्हणाली, "तू यांना काय शिकवला गं?" मग आवाज चढवून काकांना, "ओ भाव, आसा नाय करायचा. तुमी निम्म्यानं मागा. मी चिडतंय. तुमी जायला निघा. मी बोलावतंय. समजला?"

काकांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी निम्म्याने मागितलं, ती चिडली, ते खरंच वर्गाच्या दारापर्यंत चालत गेले आणि तिने बोलवेपर्यंत तिथे पाठमोरे उभे राहिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझं म्हणाल तर मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. अकरा वर्षांची मास्तरकी एका बाईने टोपलीमागे बसून मोडीत काढली होती.

तेव्हापासून बुधवारचा तास तिचा. परीक्षाही मी हट्टाने बुधवारीच ठेवून घेतली. संस्थेचे संचालक कोट घालून मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी फोन लावला, तर आई म्हणाली, "अगं, ती आज आलीच नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेलीय."

पाच जोडी डोळे माझ्याकडे. मग मी ओढणी कमरेला खोचली, टेबल सारलं, जमिनीवर फतकल मारली आणि समोर डस्टर आणि वह्या मांडल्या. "या, भाव," मी म्हटलं, "ताजा हाय."

काकांनी डस्टर उचलून हुंगलं. "ताजा? कालचा आहे."

"तुमच्या नाकालाच वास हाय."

मग काय, पाचही जण तुटून पडले. एक निम्म्याने मागतोय, दुसरा निघून जातोय, मी ओरडतेय, काका माझ्यावर ओरडतायत. संचालक घाबरून अर्धे उठले. काकांनी मागे वळून त्यांना जपानीत काहीतरी सांगितलं. त्यातला 'बाजार' हा शब्द तेवढा मराठी होता. संचालक बसले आणि हसू लागले. पुढची तुकडी मला मिळाली, आणि तिच्या पुढचीही.

दीड वर्षाने मी सुट्टीत घरी आले. काका तोवर पनवेलजवळच्या करंजाड्याला राहायला आले होते. आई म्हणाली, दर बुधवारी ते बाजारात भेटतात. मीही गेले. काका कापडी पिशवी घेऊन आधीच हजर होते. कोळणीने माझ्या गालावरून हात फिरवला, त्याला माशाचा वास होता, आणि मला फार बरं वाटलं.

"पापलेट कितीला?" मी विचारलं.

"आठशेला जोडी."

मी पर्स उघडली, नोटा काढल्या, मान लववली आणि त्या पुढे केल्या.

तिने घेतल्या नाहीत. हातातला मासा परत टोपलीत ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती. "पोरी," कोळीण हळूच म्हणाली, "तुला काय झाला?"

ओशाळले मी. माझ्याच बाजारात मी पाहुणी झाले होते, ते मला आत्ता कळत होतं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. "बाई, रागावू नका," ते मला म्हणाले आणि कोळणीकडे वळले. "आठशे? मावशी, मासा हाय का सोना? आमी काय येडे हाय?"

कोळीण खूश होऊन सावरून बसली. "आता आयक," ती मला म्हणाली, "हा कसा बोलतंय ते. आन मंग तू बोल."

मी नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि ऐकत उभी राहिले.