सानिकाचा हात आणि माझी बोंब

अपघाताच्या वेळी डोकं शांत कसं ठेवावं, हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. अंबडच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. (हसू नका. पुढे हसायला भरपूर जागा आहे.)

त्या रविवारी माझ्या सात वर्षांच्या लेकीला, सानिकाला घेऊन मी गंगापूर रोडजवळच्या बागेत गेलो. तिला बर्फाचा लालभडक रोझ गोळा घेऊन दिला आणि तो हातात असतानाच घसरगुंडीवर चढू दिलं. (सुरक्षा अधिकारी!) मी मोबाइलमध्ये डोकं घातलं, तेवढ्यात धप्प! बघतो तर पोरगी मातीत पालथी, आणि उचलली तर कपाळापासून हनुवटीपर्यंत लालच लाल!

"रक्त! रक्त!" मी अशी बोंब ठोकली की अख्खा जॉगिंग ट्रॅक जागच्या जागी थांबला. सानिकाला मी छातीशी कवटाळलं. ती रडत काहीतरी सांगत होती, पण माझ्या ओरडण्यात ते ऐकू कोणाला येणार?

"डोकं वर धरा तिचं!" फिरायला आलेले एक निवृत्त काका धावले.

"नाय नाय, खाली धरा!" पिंपळगावहून आलेल्या एक ताई म्हणाल्या. "हळद हाय का कुणाकडं? लय रगत गेलं हो लेकराचं!"

दोघं मिळून तिची मान वरखाली करत होते आणि मी दर खेपेला नव्यानं किंचाळत होतो.

तेवढ्यात गोळेवाले सलीमभाई गर्दीतून पुढे आले. त्यांनी सानिकाच्या गालावर बोट फिरवून पाहिलं. "साहेब, खून नाय हा. माझा रोझ हाय." मग तिच्यासमोर उकिडवे बसले. "बेटा, दुखतंय कुठं?"

"हात!" सानिका हुंदके देत म्हणाली. "मी कधीची सांगतेय!"

मनगट टम्म सुजलं होतं. एवढ्या माणसांत हा साधा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, सख्ख्या बापानंही नाही. मला फार लाज वाटली.

लाज वाटून उपयोग काय, मी मोटरसायकलला घराचीच किल्ली लावत बसलो. "ऱ्हाऊ द्या भाऊ," ताई म्हणाल्या, "आमची पिकअप हाय भायेर." स्टिअरिंगवर त्या स्वतः, शेजारी सानिका, आणि तिच्या मनगटावर फडक्यातला बर्फ धरून सलीमभाई.

"अहो, पण तुमची गोळ्याची गाडी?" मी विचारलं.

"काका बघतील ना!"

पुढे जागा उरली नाही, म्हणून मी मागे, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉय धावत आला. त्यानं माझा लाल झालेला शर्ट पाहिला आणि मलाच स्ट्रेचरवर आडवं केलं!

"अहो, मी नाही! माझी मुलगी..."

"बोलू नका, ताकद जाते!"

सानिका आपल्या पायांनी चालत आत गेली. माझी मात्र मिरवणूक निघाली.

हाडाला बारीक चीर होती. तीन आठवडे प्लास्टर. सलीमभाईंना सोडायला बागेत परतलो, तर काका घामाघूम होऊन पोरांना गोळे करून देत होते. ताई पिंपळगावला पोचल्यावर फोन करून "लेकरू जेवलं का?" विचारायला विसरल्या नाहीत.

प्लास्टर निघालं, हात ठणठणीत झाला. परवा सोसायटीत खेळताना तिचा गुडघा फुटला. बाईसाहेब वर आल्या, मला खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि मगच म्हणाल्या, "बाबा, आता ओरडायचं नाही हं. मला थोडंसं लागलंय."