पाचवी सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीला नाही. माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर बायका डबे घेऊन येतात आणि दळण होईस्तोवर सगळं बोलून घेतात—सुनेचं, गुडघ्याचं, नळाच्या पाण्याचं. मीही बोलते. बोलकी म्हणूनच ओळखतात मला. पण हे एक जिभेवर येतं आणि मी विचारते, बाजरी आहे का ज्वारी?

कुठून सुरू करू? सहीपासून करायला हवं. पण सही म्हटलं की—नको. आधी रेहाना कोण ते सांगते.

रेहाना माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. आमचं गाव श्रीरामपूरहून एसटीनं तासाभरावर. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. दोघींची सासरंही गावातच, एकाच गल्लीत. शाळेत मी पहिल्या तिघींत असायची. रेहाना गणितं माझी बघून लिहायची, आणि बाईंनी विचारलं की सरळ सांगायची—कुंदाचं बघून लिहिलंय. छडी खायची, पण खोटं बोलायची नाही. मला तेव्हाही तिचा राग यायचा. गणितं माझी, आणि बाई कौतुक करायच्या तिच्या खरेपणाचं!

ती ब्लाऊज शिवते. नवऱ्याचा टेम्पो आहे. राजकारणाशी दोघांचा काडीचा संबंध नव्हता. पण पालिकेचं पाणी चार-चार दिवसांनी यायचं, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि बायका कामं सोडून नळाशी बसून राहायच्या. रेहाना पालिकेत जाऊ लागली. किती खेपा घातल्या कुणास ठाऊक. शेवटी कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार, ते चौकातल्या फळ्यावर लिहायला लावलं तिनं. मग कुणाचा दाखला, कुणाचं रेशनकार्ड, कुठं गटार तुंबलंय—लोक आधी तिच्या मशीनपाशी जाऊन उभे राहायचे आणि मग नगरसेवकाकडं.

आमचे नगरसेवक म्हणजे अण्णा. माणूस वाईट नव्हता. मुदत संपायच्या आतच हार्टअटॅकनं गेले. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, उभं राहायचं आणि बाकी कुणी अर्ज भरायचा नाही, असं सगळ्या पक्षांचं ठरलं. बिनविरोध. तीच अण्णांना श्रद्धांजली, असे फलकसुद्धा लागले.

आणि रेहाना म्हणाली, मी भरणार. गिरणीत, सगळ्यांसमोर. "वहिनींबद्दल माझ्या मनात काही नाही. पण लोकांना विचारा तर खरं. न विचारताच कसं देऊन टाकता?"

अपक्षाला पाच सूचक लागतात. म्हणजे त्याच प्रभागातल्या पाच मतदारांनी अर्जावर सही करायची की हा उमेदवार आम्ही सुचवतोय. एक कमी पडला तरी अर्ज बाद. चार सह्या तिनं दोन दिवसांत मिळवल्या. पाचवीसाठी ती माझ्याकडं आली. खरं तर आधी आली होती, पण मी म्हटलं होतं, बाकीच्या आण, माझी घरचीच आहे. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी पदराला हात पुसले आणि काट्याच्या टेबलावर अर्ज ठेवून सही केली. तिनं कागदावरचं पीठ फुंकून उडवलं. म्हणाली, "कुंदे, आता मला भीती नाही."

ही सही माझी होती. माझ्या हातची, तिच्या डोळ्यांदेखत केलेली.

तीन दिवसांनी पालिकेच्या सभागृहात अर्जांची छाननी झाली. वहिनींच्या वकिलानं हरकत घेतली की सूचक क्रमांक पाचची सही खरी नाही. मला बोलावणं धाडलं. मी आधीच खाली जिन्याशी उभी होते. आता तुम्हीच विचार करा—छाननीच्या दिवशी गिरणी बंद करून मी तिथं कशाला उभी होते?

निवडणूक अधिकारी साहेब चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. त्यांनी अर्ज माझ्याकडं फिरवला.

"ही सही तुमची?"

"नाही."

"नीट बघून सांगा, बाई."

"मी सहीच केलेली नाही," मी म्हणाले.

रेहाना माझ्या उजव्या हाताला उभी होती. ओरडेल, झिंज्या धरेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कुंदे, माझ्याकडं बघ." मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. मग माझा जबाब लिहून घेतला—अर्जावरची सही माझी नाही—आणि त्या जबाबाखाली मला सही करायला सांगितली. मी केली. वेगळी केली. आडनाव पूर्ण लिहून, अक्षरं सुटी-सुटी. आदल्या दिवशी बिलाच्या पाठकोऱ्या कागदांवर सराव केला होता त्याचा. शाळेत शुद्धलेखन करायचे तसा.

अर्ज बाद झाला. वहिनी बिनविरोध आल्या. गुलाल उडाला.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण रेहानाचा अर्ज नुसता बाद झाला नाही ना—अर्जावर खोटी सही सापडली, असं गावात झालं. मी सही केली नाही तर मग केली कुणी? तिनंच. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, मशिदीबाहेर, सगळीकडं तेच. साहेबांनी गुन्हा नोंदवायला लावला नाही, हे तिचं नशीब म्हणायचे लोक. फळ्यावर पाण्याची वेळ लिहायला लावणारी रेहानाभाभी आठवडाभरात खोट्या सहीवाली झाली.

पण हेही अजून सगळं नाही. मी फिरून-फिरून बाजूनंच जातेय, कळतंय मला.

छाननीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. तिच्या ओळखीचा एक वकील अपील लावायला तयार होता. म्हणत होता, बँकेतली सही मागवू, अक्षर तपासायला लावू, दोन मिनिटांत निकाल लागेल. पण त्याच्याआधी ती माझ्याकडं आली. भांडायला नव्हे. बाजरीच्या पोत्यावर बसली आणि विचारलं, "का गं?"

फक्त तेवढं विचारलं. आणि मी—मला एकदम सुचलं. माझी वैशाली तेव्हा पालिकेच्या दवाखान्यात कंत्राटावर नर्स होती. मी म्हणाले, "वैशालीला काढून टाकतो म्हणाले. मी काय करू, रेहाना? पोरीचं नुकतं ठरलंय."

मी रडलेसुद्धा. ते रडणं खरं होतं, पण कशाचं होतं ते आजही सांगता येत नाही.

तिनं माझे दोन्ही हात धरले. पिठाचे हात. म्हणाली, "मला आधी सांगायचं नाही का? मी अर्जच मागं घेतला असता. पोरीपेक्षा खुर्ची मोठी आहे का?" आणि मग म्हणाली, अपील नको. अपील केलं तर तुझी सही खरी ठरणार आणि मग तुझ्यावरच शेकणार, खोटा जबाब दिला म्हणून. वैशालीलाही त्रास. ती वकिलाला नाही म्हणून आली. आजपर्यंत तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नसेल. कारण तो मला रस्त्यात बघितलं की मान फिरवतो, आणि ती त्याला फिरवू देते. एवढाच हिशेब लावते मी त्यावरून.

तुम्हाला वाटेल, बाई घाबरली. भित्री म्हणा, चालेल. भित्री असते तर बरं झालं असतं. वैशालीला कुणी काही म्हणालंच नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. तिचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

छाननीच्या दोन दिवस आधी अण्णांचे धाकटे भाऊ, नाना, गिरणीत आले होते. एकटेच. मी चहा सांगितला.

"कुंदाताई, तुमची बी सही हाय म्हनं अर्जावर."

"आहे."

"असू द्या. आमचं काय म्हननं न्हाई. वहिनी तशाबी निवडून येतील. निस्तं बिनविरोध झालं असतं तर अण्णांच्या नावाला बरं दिसलं असतं, एवढंच. शेवटी आपली बाई हाय ती."

'आपली' म्हणाले. मी मान हलवली. नंतर लोक म्हणायचे, यात धर्माचं काही नव्हतं. मीही म्हणते. पण ती मान हलवली, ते मी विसरून कसं चालेल?

त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. उठले, चप्पल पायात घातली. जात होते ते. काही मागितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडं. आणि मी पाठीमागून म्हणाले, "नाना, आणि मी म्हटलं की सही माझी नाहीच, तर?"

ते वळले. मग परत येऊन बसले. म्हणाले, "तसं म्हनाल तुमी? साहेबासमोर?"

"म्हणेन की."

ही गोष्ट त्यांच्या डोक्यात नव्हती. माझ्या डोक्यात होती. सही करताना होती का? पेन हातात असताना? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एक दिवस वाटतं, नव्हती. दुसऱ्या दिवशी वाटतं, पाचवी सही आपलीच असावी म्हणून तर मी थांबले होते—बाकीच्या आण म्हणाले होते.

का? हे मात्र मला माहीत आहे. त्याच्या आधीच्या एका निवडणुकीला आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला होता. तेव्हा मी पालिकेतून कोरा अर्ज आणला होता. पेन्सिलीनं भरला. नाव, वय, शिक्षण बारावी. जेवताना नवऱ्याला म्हणाले, मी उभी राहू का? ते मोठ्यानं हसले. वाईट हेतूनं नाही, खरंच गंमत वाटली त्यांना. म्हणाले, मग दळण कोण दळणार, नगराध्यक्ष? मीही हसले. अर्ज चुलीत घातला. रेहानालाही कधी सांगितलं नाही.

आणि आता ती. माझी गणितं बघून लिहिणारी. तिच्यासाठी बायका माझ्या गिरणीत बसून घोषणा ठरवत होत्या. कुणीतरी म्हणालं, कुंदाताई, तुम्ही पण उभ्या राहायचं होतं की! रेहाना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्या कुंदाला कुठं असली हौस? ती आपली गिरणीत सुखी." प्रेमानं म्हणाली. मला कौतुकच वाटावं, अशा सुरात. आणि मी गिरणीचा पट्टा घसरलाय असं सांगून मागं गेले. पट्टा घसरला नव्हता.

एवढंच कारण. याहून मोठं काही असेल म्हणून मी वर्षानुवर्षं शोधलं. नाही सापडलं.

वहिनींनी मुदत पुरी केली. सह्या करायच्या, नारळ फोडायच्या. नानांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण दळणाला माणूस पाठवतात, स्वतः येत नाहीत. मला वाटतं, माझ्यासमोर बसायला त्यांनाच आवडत नाही. वैशालीचं लग्न झालं. रेहानानं तिचे नऊ ब्लाऊज शिवले आणि शिलाई घेतली नाही.

मध्ये बरीच वर्षं पालिकेवर प्रशासकच होता. आता परवा निवडणूक लागली तेव्हा गिरणीत आलेल्या दोन पोरसवदा सुना रेहानाला म्हणाल्या, भाभी, तुम्ही उभ्या राहा ना, आम्ही आहोत. ती हसली. "मला कोण सही देणार गं? मी खोट्या सहीवाली." सगळ्या हसल्या. हसता-हसता तिनं माझ्याकडं बघितलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं की काळजी करू नकोस, मी काही बोलणार नाही.

मी तिचा डबा भरला. झाकण लावलं.

तिचं घर गिरणीपासून चार दारं सोडून आहे. आज दुपारी ती उंबऱ्यात बसून ब्लाऊजला हुक लावत होती. मला बघून सरकली, शेजारी जागा केली. मी म्हटलं, गिरणी उघडी आहे, आणि परत आले. गिरणी बंद होती. कुलूप उघडून आत आले आणि हे लिहायला बसले.