शेवट सांगणारे रामटेके

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये रामटेक्यांच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. नवा सिनेमा त्यांनी शनिवार-रविवारात पाहिलेला असे आणि बस स्वारगेटहून निघाली की ते त्याचा शेवट सांगून टाकत. खुनी कोण, लग्न कोणाशी लागतं, सगळं. मागून मुलं ओरडत, कोणी कानात इअरफोन खुपसून घेई. टेस्टिंगमधल्या एका मुलीने त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हाला थिएटरवाल्यांनी पगारावर ठेवलंय का आम्ही येऊ नये म्हणून?" रामटेक्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "शेवट माहीत असला की माणूस निवांत बसते. तुमी लोक उगाच जीव मुठीत धरून पाहता."

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. नगर रस्त्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी वाढू लागली तेव्हा बसगाड्यांची व्यवस्था बघायला आले आणि पुण्यातच राहिले. मी हिशेब विभागात. बसगाड्यांची बिलं त्यांच्याकडून माझ्याकडे येत. तपासून झालेल्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक टिक करायची ही माझी जुनी सवय. रामटेके म्हणत, "तांबेसाहेबाची टिक पडली की मी झोपाले मोकळा." त्यांच्या बिलात मला कधी चूक सापडली नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

घरात मात्र शेवट सांगायला त्यांना बंदी होती. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा अकरावीत होती. सतत वाचायची, आणि वडील काही सांगतील या भीतीने पुस्तक उशीखाली ठेवून कॉलेजात जायची. हे ते अभिमानाने सांगत. त्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला. पावसाळ्यात दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही ऑफिसमधले बरेच जण गेलो होतो. बुद्धवंदना झाली, चारदोन माणसं बोलली. रामटेके पांढऱ्या कपड्यांत दाराशी उभे होते आणि कोणाला कोणत्या बसने परत जायचंय ते विचारत होते.

त्यानंतर सोमवारची बस गप्प झाली. ते कामावर वेळेवर यायचे, बिलं वेळेवर पाठवायचे. फक्त कशाचाही शेवट सांगत नसत.

थंडीत एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि एक इंग्रजी कादंबरी पुढे ठेवली. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी असतात तसली. मुखपृष्ठावर रिकामी सायकल आणि गुलाबी आभाळ. ती प्रज्ञाची होती. दवाखान्यात अर्धी वाचून झाली होती. पुढे पुस्तक धरण्याइतकी ताकद तिच्यात राहिली नाही, तेव्हा जन्मात पहिल्यांदा तिने वडिलांना शेवट विचारला.

गोष्ट अशी होती की एका घरातला मोठा मुलगा नदीत बुडून जातो आणि आईवडील, धाकटी बहीण मागे राहतात. प्रज्ञाने विचारलं होतं, "बाबा, ही माणसं शेवटी हसतात का?"

"मी म्हटलं, हसतात. सगळे हसतात, मी शेवट पाहून आलो," रामटेके म्हणाले. "मी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, साहेब. आता मले ते पाहाचं हाय, पण हात होत नाही. तुमी वाचा अन् मले सांगा. तुमी खोटं सांगणार नाही."

मी हो म्हणालो. घरी जाऊन आधी त्या मुखपृष्ठाला खाकी कव्हर घातलं, कारण पन्नाशीच्या माणसाच्या हातात ते गुलाबी आभाळ बसमध्ये कोणी पाहू नये असं मला वाटत होतं. याची आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

कादंबरी मला आवडली नाही. बाप सात महिने कामावर जात नाही आणि घराच्या हप्त्यांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. मुलगा मरण्याआधी घरातल्या प्रत्येकासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवतो, जणू त्याला बुडण्याची पूर्वसूचना मिळाली होती. शेवटी शेवटी कुत्राही मरतो. लेखिकेने त्यालासुद्धा सोडलं नव्हतं. वाचकाला रडवायचं हे आधी ठरवून मग माणसं आणलेली दिसत होती. हे मत माझं आजही आहे.

पण एका पानावर बाप जेवायला वाढून जिन्यावर हाक मारतो, आणि सवयीने दोन्ही मुलांची नावं घेतो. चूक लक्षात आल्यावर तो स्वतःलाच हसू लागतो, आणि मध्येच थांबतो. तिथे मला पुढचं दिसेना. बस येरवड्याच्या पुलावर होती. शेजारच्याला मी डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं. माझा स्वतःचा मुलगा त्या दिवशी घरी सुखरूप होता, आणि ज्या मुलीच्या पुण्यानुमोदनाला मी रीतसर हजर राहून आलो होतो तिच्यासाठी माझे डोळे ओले झाले नव्हते. एका ओढूनताणून लिहिलेल्या पुस्तकाने ते काम केलं. हे मला कोणालाही सांगण्यासारखं वाटेना.

पुढे त्या घरात कोणी हसत नाही. शेवटच्या पानावर तिघं टेबलाशी बसलेली असतात आणि गोष्ट संपते.

रामटेक्यांनी एकदाही तगादा लावला नाही. मीच त्यांना चुकवू लागलो. शेवटी मार्च उजाडल्यावर पुस्तक त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "माफ करा, मार्च एंडिंग आहे. एक पानही वाचून झालं नाही."

त्यांनी पुस्तक घेतलं. कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कव्हर छान घातलं."

एप्रिलमध्ये ते पुन्हा आले, खुर्ची ओढून बसले. "शेवट सांगू, साहेब?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कोणाची परवानगी घेतली नव्हती.

"हसत नाहीत ते. बाप एकदा हसाले लागते, अन् मधातच थांबते. तुमची टिक तिथं जराशी वाकडी हाय."

मी पुस्तकभर टिक करत गेलो होतो. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, थेट शेवटच्या पानापर्यंत. मला त्याची जाणीवही नव्हती. त्या घटकेलाही माझ्या तोंडून काय निघावं, तर "खरंच मार्च एंडिंग होतं हो."

"असू द्या," ते म्हणाले. "मले पान उलटाची हिंमत नव्हती. मग तुमची खूण दिसली. म्हटलं, कोणीतरी पुढं जाऊन आलेलं दिसते. खुणा पाहत पाहत गेलो." उठताना ते थोडे थांबले. "पोरीले मी खोटं सांगितलं, साहेब. आता ते खरं करा लागते."

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी बस स्वारगेटहून निघाली आणि मागून रामटेक्यांचा आवाज आला. रविवारी पाहिलेल्या सिनेमाचा शेवट ते सांगू लागले होते. आवाज पूर्वीपेक्षा बारीक होता. सगळी बस ऐकत होती, आणि कोणीही ओरडलं नाही. सगळ्यांना त्यांची दया येत होती. रामटेके अडखळले. "काहून, आज कोणी काही म्हणत नाही?"

मी त्यांना कधीच काही म्हणत नसे. पुढच्या बाकावर पेपर वाचत असे. त्या दिवशी पेपर न हलवता म्हणालो, "रामटेके, याच सिनेमाची पुढच्या रविवारची चार तिकिटं काढलीयत मी. आता ती घेऊन तुमच्याच घरी येतो सगळे. निदान चहा तरी द्या."

बस हसली. मग रामटेके हसले. ते मध्येच थांबतील म्हणून मी पेपरात मान घालून वाट पाहत राहिलो. येरवडा मागे पडलं तरी मागून त्यांचा आवाज येत होता.

तिकिटं मी काढलेली नव्हती. त्या माणसाशी मी दोनदा खोटं बोललो. त्यातल्या पहिल्याची लाज अजून गेलेली नाही.