मोजणीसाहेबांचे दोन तास

आधी शर्टाच्या खिशातून दहाची नोट निघायची. मग ती मांडीवर ठेवून तळहातानं इस्त्री केल्यासारखी सपाट व्हायची, कोपऱ्याला कोपरा लागेल अशी तिची घडी पडायची, आणि मगच माणूस उभा राहायचा.

"आनंदाची बाब आहे. छोटी आहे, पण आहे."

तुम्ही आमच्या क्लबच्या बैठकीला कधी आला असता, तर तुमचीही नजर आधी त्यांच्यावरच गेली असती. वाटूर फाट्यावरच्या हॉटेलाचा वरचा हॉल, महिन्यातले दोन गुरुवार, संध्याकाळची वेळ. लोकसेवेसाठी आम्ही तीस जण जमायचो. बाहेर सांगताना मी तीनशे सांगतो.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून झालं की आनंदपेटी फिरायची. पेटी म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. ज्याच्या घरी काही चांगलं घडलं असेल त्यानं उठायचं, सांगायचं, दहा रुपये टाकायचे, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हा रिवाज आमचा नाही, वरून आलेला. पण तो आमच्या अंगात इतका मुरला, की एकदा घरी बायकोनं गॅस आल्याचं सांगितलं तर मी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कोणी नवी गाडी सांगायचा, कोणी पोरीचं मेडिकल. मी दर वेळी काहीतरी रचून न्यायचो. "आमच्या म्हशीनं एका वेळेला एकवीस लिटर दूध दिलं!"

मागून त्यांचा आवाज यायचा, "बारा म्हणा, शेठ."

"चला, चौदा."

"बारा. धार काढताना मी कुंपणाशी उभा होतो."

सगळा हॉल हसायचा. ते हसायचे नाहीत. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेबच म्हणायचे. अर्ध्या तालुक्याचे बांध त्यांच्या साखळीखालून गेले होते. त्यांची साखळी जमिनीवर पडली की भांडणाऱ्या भावाभावांच्या हातातल्या कुऱ्हाडी गळून पडायच्या. मी स्वतः अशा चाळीस कुऱ्हाडी पाहिल्या आहेत. साहेब असते तर म्हणाले असते, "दोन. आणि एक खुरपं."

मी त्यांना 'जय भीम, साहेब' म्हणायचो. ते मला 'राम राम, बढाईखोर' म्हणायचे. ही आमची वीस वर्षांची मैत्री. सोळा, साहेब, सोळा.

त्यांची बायको आरोग्य केंद्रात नर्स होती. तिला कोणी नावानं ओळखत नसे, ती सगळ्यांची सिस्टर. फाट्यावर आज जो मोटारसायकल उडवत जातो, तो बहुधा तिनंच उलटा धरून पहिल्यांदा रडवलेला. माझा धाकटाही तिच्याच हातावरचा.

साहेबांचे आनंद ऐकून आम्हाला मौज वाटायची. "काल सिस्टरनं चहात साखर टाकली. एकदाच." टाळ्या. "परवा तिनं पोराचा फोन आला तर त्याचं नाव घेतलं." टाळ्या. मी एकदा न राहवून म्हणालो, "साहेब, तुम्ही आनंदातसुद्धा कंजूष हो! आई पोराचं नाव घेणार न्हाई तर काय सरपंचाचं घेणार?" हॉल खदखदला. साहेबांनी नोट चिरीतून आत सारली आणि खाली बसले.

त्या खदखदण्याची मला पुढं फार लाज वाटली. माझं फाट्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. एका दुपारी साहेब आले आणि दाराला बाहेरून, वरच्या अंगाला लावायची कडी मागितली. आठ दिवसांनी पुन्हा आले, दुसरी मागितली.

मी म्हणालो, "काय साहेब, चोर लागले का घराला?"

"चोर बाहेरून आत येतात. माझ्याकडं उलटं आहे, शेठ."

मग काउंटरवर बोट टेकवून, बांधाचा वाद सांगावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरला आठवत नव्हतं. आधी साखर विसरली, मग पोराचं नाव, आता ती पहाटे उठून ड्युटीवर निघते. पांढरी साडी नेसते आणि आरोग्य केंद्राचा रस्ता धरते. रस्ता मात्र ती विसरलेली नाही. हे दोन पावलं मागं चालतात. केंद्रातली नवी पोरगी समजदार. ती म्हणते, "सिस्टर, आज तुमची सुट्टी आहे." की दोघं परत.

"जाताना बाराशे पावलं होतात. येताना साडेचौदाशे. येताना ती थकते ना, पाऊल आखूड पडतं."

"आणि पोरगा?"

"पुण्याला आहे. बोलावून राह्यला. पण तिथं गेली तर तिला रस्ता कोणता राहील?"

मी कडीचे पैसे घेत नव्हतो. त्यांनी काउंटरवर ठेवले आणि गेले. बैठकीच्या संध्याकाळी शेजारच्या काकू तासभर सिस्टरजवळ बसायच्या, हेही तेव्हाच कळलं. तास भरला की साहेब निम्म्या भाषणातून उठून का जातात, ते आम्हाला कोडं होतं. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला मालिका चुकवायची नसेल.

आता त्या गुरुवारकडं येतो. त्या दिवशी बैठकीपुढं एकच मोठा विषय होता, निधी. फाट्यावर क्लबच्या नावाची कमान उभारायची ठरत होती, आणि कमान समितीचा अध्यक्ष कोण, तर मीच. ऑर्केस्ट्रा ठेवायचा, तिकिटं खपवायची, मोठ्या देणगीदारांची नावं खांबावर कोरायची. "ही कमान जालन्यावरून दिसंल!" असं मी चार गावांत सांगून बसलो होतो. आमचे क्लबचे अध्यक्ष औषध दुकानवाले. त्यांनी तर कमानीचं चित्र मोठं करून भिंतीला लावलं होतं.

त्याआधी रिवाजाप्रमाणे पेटी फिरली. साहेबांनी नोट मांडीवर सपाट केली, घडी घातली, उभे राहिले.

"आनंदाची बाब आहे. छोटी आहे, पण आहे. आज सकाळी सिस्टरनं मला विचारलं, तुम्ही कोण?"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला हे खरं वाटणार नाही. माझ्या बाकी गोष्टींसारखीच ही एक, असं म्हणाल. पण हात आपोआप उठले. साहेब उभे राहिले, साहेब थांबले, की टाळी, एवढंच हातांना माहीत होतं. कान मागं राहिले. सगळ्यांत जोरात माझी वाजली, आणि सगळं ठाऊक असलेला त्या हॉलमध्ये मी एकटा होतो.

टाळ्या पावसाच्या सरीसारख्या विरळ होत गेल्या. शेवटची कोणाची तरी एकटीच वाजली आणि मेली. साहेब शांत उभे होते, दर वेळी टाळ्या संपेपर्यंत थांबायचे तसे.

"माझं संपलं न्हाई. मी तिला म्हणलो, मी इथलाच, शेजारचा. तर म्हणली, मंग उपाशी कशाला जाता, जेवून जा. स्वतः उठून वाढलं. पावणेदोन भाकरी. तिनं मला ओळखलं न्हाई, पण उपाशी जाऊ दिलं न्हाई. ही बाब आनंदाची धरावी."

नोट आत पडली. आता टाळ्या वाजवायला हव्या होत्या. एकही वाजली नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय पुकारला, "कमान."

साहेब बसले नव्हते. "त्यावर बोलू का?"

"बोला ना साहेब. बिलकुल बोला."

"मला दोन तास पाहिजेत. रोज सकाळी. मला म्हणजे, माझ्यासारख्याला. एक खोली, एक समजदार बाई, सहा खुर्च्या. घरचं असं माणूस तिथं आणून बसवायचं, आणि आणणाऱ्यानं दोन तास मोकळं व्हायचं. खर्चा कमानीपेक्षा कमी. माझं काही बरंवाईट झालं तर तिला बसायला जागा राहील."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण असं माणूस तुमच्याच घरात. एका घरासाठी क्लबनं..."

"मी मोजून आलोय." साहेबांनी खिशातून कागद काढला. "दाराला बाहेरून, वरच्या अंगाला कडी असलेली घरं. वाटूर आणि आजूबाजूची चार गावं, दुपारी तिचा डोळा लागला की दिवसाला एक, पायी. नऊ निघाली. आत कोण आहे ते कोणी सांगत न्हाई. म्हणतात, कुत्रं शिरतं. कुत्र्याला कोणी एवढ्या उंच कडी लावतं का?"

त्या नऊतल्या सहा कड्या माझ्या दुकानातल्या होत्या. मी प्रत्येकाला विचारलं होतं, चोर लागले का, आणि प्रत्येक जण हसून पैसे देऊन गेला होता. सहा वेळा दुःख माझ्या काउंटरवर आलं, आणि मी त्याला वरून स्क्रू मोफत दिले.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, खोली पुढच्या वर्षी बघू. कोणी म्हणे, लोकांनी कमानीला शब्द दिलाय. मी पाहिलं, साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. त्यांचा तास भरत आला होता.

मग मी उठलो.

"मंडळी, मी सांगणारच होतो. मी आजच जालन्याला जाऊन आल्तो. रस्त्यावर कमान उभारायची परवानगी मिळत न्हाई. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं, बांधली तर पाडू. तीन तास भांडलो मी."

मी त्या दिवशी दुकानातून हललो नव्हतो. साहेबांना ते ठाऊक होतं. दुपारी तेच माझ्या दुकानात चहा पिऊन गेले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. आता आवाज येईल, "शेठ, तुम्ही कुठं गेल्ता?" सोळा वर्षांत माझं एक लिटर दूध त्यांनी जास्त सुटू दिलं नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दाराकडं निघाले. माझ्याजवळून जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

अध्यक्ष म्हणाले, "मग जमणाऱ्या पैशांचं..." आणि स्वतःच म्हणाले, "खोलीच करू." भिंतीवरचं चित्र त्यांनी स्वतः काढलं. परवानगीची चौकशी पुढं कोणीही केली नाही. मला वाटतं, त्या टाळ्या सगळ्यांच्याच हातात दुखत होत्या.

ऑर्केस्ट्रा झाला. दहा हजार माणूस आलं. बरं, चारशे. बंद पडलेल्या शिकवणीची खोली भाड्यानं घेतली, आणि तिथं बसायला आरोग्य केंद्रातली ती समजदार पोरगी नव्हे, तर तिची आई तयार झाली.

साहेब आता नाहीत. आधी सिस्टर गेल्या, पाठोपाठ ते, याच क्रमानं व्हावं अशी त्यांची इच्छा होती. खोली चालू आहे. आनंदपेटी फिरते, मी अजून रचतो, आणि माझे आकडे आता कोणी कमी करत नाही. त्यामुळं रचण्यातही मजा राहिली नाही.

पण मला सांगायचंय ते खोलीच्या पहिल्या दिवसाचं. साहेबांनी सिस्टरला आणून खुर्चीवर बसवलं, पदर नीट केला, आणि घड्याळ बघून बाहेर पडले. दोन तासांत हे काय काय उरकतील याच्यावर आमच्यात पैज लागली. कोणी म्हणे बँक, कोणी म्हणे पेन्शनचा कागद. मी म्हणालो, म्हातारा एवढ्यात औरंगाबाद गाठून परत येईल.

तासाभरानं मी फाट्यावरच्या न्हाव्याच्या दुकानावरून चाललो होतो. आत खुर्चीत साहेब. गळ्याशी पांढरं कापड बांधलेलं, एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. मान मागं पडलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपलेले. न्हाव्यानं मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"पाच मिनिटांत झोपले," तो कुजबुजला. "उठवू का?"

मी मानेनंच नको म्हणालो. त्यानं रेडिओ बंद केला, पंखा त्यांच्याकडं वळवला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बाहेर ओट्यावर बसवून तिथंच त्याची दाढी सुरू केली.