आईची जीभ आणि गल्लीचं लोणचं

बाजारच्या लोणच्याच्या बाटलीवर ते टिकवण्यासाठी घातलेल्या पावडरींची नावं बारीक अक्षरांत छापलेली असतात. आष्टीच्या आमच्या गल्लीत लोणचं टिकवायला एकच वस्तू होती, मीठ. आणि ते किती घालायचं हे फक्त माझ्या आईला कळायचं.

उन्हाळ्यात कैऱ्या फोडल्या की घराघरांतून तिला बोलावणं यायचं. हळद-मीठ लावलेल्या फोडींना पाणी सुटलं की तो खार ती बोटानं चाखायची, मूठभर मीठ टाकायची, पुन्हा चाखायची. तिनं "आता बस" म्हटलं की बस. ते लोणचं पुढच्या कैऱ्या येईपर्यंत टिकायचं. मी फोडी चोखत तिच्या मागेमागे फिरायची. हळदीनं पिवळी झालेली तिची बोटं आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं.

मग तिचा बीपी वाढला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं-पापड बंद केले. आई हट्टी. कमी करायचं म्हणजे तिनं जवळजवळ सोडलंच. आधी अळणी वरण गिळताना तोंड वाकडं करायची, हळूहळू जिभेला त्याची सवय झाली. बीपी ताब्यात आला, आम्ही खूश. लोणच्याचा विचार कोण करतो?

त्या उन्हाळ्यात तिनं खार चाखला आणि नेहमीपेक्षा लवकर "बस" म्हणाली. पावसाळ्यात गल्लीभर बरण्यांवर पांढरी बुरशी आली. आमच्याही बरणीवर आली, तेव्हा आईनं ओल्या चमच्याला दोष देत मलाच झापलं, मी राहते तिकडे वर्ध्याजवळ नालवाडीला, तरी! बायकांनी आपापल्या बरण्या गुपचूप रिकाम्या केल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षीही बोलावणं आलंच. फक्त आई घरी परतली की त्या फोडींत आणखी मीठ घालायच्या.

आमचं लोणचं तरी का नासावं, म्हणून शेजारची वहिनी आमच्याही स्वयंपाकघरात शिरली. आईनं तिला बरणीत हात असतानाच पकडलं.

"काय करून राह्यली वं?"

वहिनी खोटं बोलली नाही. "मीठ टाकून राह्यली, काकू. मागच्या साली साऱ्यायचं नासलं. तुमाले सांगाले जीव नाई झाला."

आईनं बरणी आपल्याकडे ओढली. "मंग मले बलावता काऊन?"

मला वहिनीचा राग आला, आणि आईकडे तर बघवेना. साऱ्या गल्लीत ज्या एका गोष्टीसाठी तिला मान होता, तीच गेली होती. त्यानंतर तिनं कैरीचं नावही काढलं नाही.

यंदा वहिनीनं तिला हाताला धरून ओढतच आपल्या घरी, जमलेल्या बायकांत नेलं. मीही होते. वहिनी मीठ घालायची आणि आईला चाखायला लावायची. "बरं हाय," आई रुसक्या आवाजात म्हणायची. वहिनी आणखी घालायची. शेवटी आई थुंकलीच.

"अवं, इख झालं हे! फेकून दे सारं!"

वहिनीनं हात झटकले. "म्हंजे आता बराबर झालं. तुमाले इख लागलं की आमचं लोणचं वर्षभर टिकते. आता समजलं, काऊन बलावतो?"

सगळ्या हसायला लागल्या. आई हसली नाही. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं, "दुसरी बरणी कुठी हाय?"