आधी वाटीत, मग टोपात

हिरादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी केळी कुस्करत होतो. त्याच्यासाठीच. बोटांच्या बेचक्यांतून तो गिळगिळीत लगदा बाहेर येत होता, मला उमासे येत होते, आणि फोनवर वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता काय आणू नका…" खरं सांगतो, पहिल्यांदा रडू आलं नाही. आठवली ती चार दिवसांपूर्वीची पपई. मीच तर नाही ना मारलं याला? तेराव्यापर्यंत हा प्रश्न माझ्या पोटात नासत पडला होता.

रोह्याच्या एका कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. तो खाडीकाठच्या मिठागरात वाढलेला, गुडघाभर चिखलाला न विटणारा. मी पेणच्या रामवाडीतला, शिऱ्यातलं केळंसुद्धा चमच्याने बाजूला सारणारा. मऊ, ओलं, बोटाला चिकटणारं काही दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. नेमक्या अशा माणसाला हिरादादा दर मे महिन्यात रायवळ आंब्यांचा रस काढायला बसवायचा. त्याचा नियम एकच, आधी वाटीत, मग टोपात. एकेक आंबा छोट्या स्टीलच्या वाटीत पिळायचा, बघायचा, हुंगायचा, आणि मगच मोठ्या टोपात ओतायचा. आंबा नासका निघाला तर वाटीभर रस जातो, नाहीतर टोपभर.

एका वर्षी मी शहाणपणा केला. चाळीसेक आंबे थेट टोपात पिळले. काम झटपट उरकलं म्हणून मिशीला ताव देत होतो, तर रसावर भाताचं शीत दिसलं. बोटाने काढायला गेलो आणि ते शीत चालायला लागलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं… मी मोरीकडे धावलो. हिरादादा टोपात डोकावून शांतपणे म्हणाला, "सुऱ्या, ती अळी बघ. एवढ्या रसातून वाट काढून वर आली. तुला एक वाटी उचलवली नाय!" सगळा टोप केळीच्या बुंध्याशी ओतला गेला आणि ती वाटी माझ्या पिशवीत आली. "घरी ने. देवाजवळ ठेव."

यंदा त्याला घशाचं दुखणं झालं. गाळलेलं, पातळ तेवढंच उतरायचं. वहिनींची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. मी फुशारकीने म्हणालो, "फळांचं माझ्याकडे लागलं." पहिल्याच आठवड्यात मऊ गऱ्यांचा बरका फणस मिक्सरला लावला. चिकाने पातं जागीच बसलं आणि घरात ठणकावण्यात आलं, "मिक्सर नवा आणा, नाहीतर बायको." मग चिकू वाटले, एक बी आत राहिली, ती त्याच्या दातात गेली. हिरादादा चमचा तोंडात घ्यायचा, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करायचा आणि भांड्यात थुंकायचा. "हे काय, खिडकीच्या काचेला लावायचं लुकण?" एकदा म्हणाला, "कंपनीच्या गटाराला याच्यापेक्षा बरा वास होता." मग कुरकुरत अर्धी वाटी घ्यायचा. तो शिव्या घालायचा आणि मी खुशीत परतायचो. जोवर याला माझी किळस वाटतेय तोवर गडी ठीक आहे, असा माझा हिशेब. फक्त एकदा, एकदाच, त्याने बरं म्हणावं अशी आस मात्र होती.

त्या दिवशी घाई होती. दोन पपया वाटीत न घालता थेट मिक्सरला लावल्या, हुंगल्याही नाहीत. डबा बंद केला आणि एसटीत बसलो. वडखळला गाडी दोन तास उन्हात उभी. रोह्याला पोचलो तेव्हा मीच शिजलो होतो. हिरादादाने चमचा तोंडात घेतला. चेहरा वाकडा झाला नाही. "चांगला हाय," म्हणाला.

मी फुगलो! उरलेलं त्यांच्या भांड्यात ओतून डबा घेऊन निघालो. परतीच्या गाडीत मोठ्या कौतुकाने डब्याच्या कडेचं बोटाने चाटलं… आणि नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर डोकं काढून ओकत गेलो. आंबट, फसफसलेलं, सडकं. वहिनींना फोन करून "ती पपई टाकून द्या" एवढंच म्हणालो. का, ते सांगायची लाज वाटली. स्वतःची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती.

तेराव्याला धीर करून विचारलं, "वहिनी, ती पपई…"

"ती व्हय? तुम्ही जिना उतरलात नि यांनी भांडं मागितलं. गालात धरून ठेवली होती, सगळी थुंकले. थेंब पोटात गेला नाय."

"मग चांगला म्हणाला तो?"

"मीपण तेच बोलले. तर हे बोलले, उन्हातून आलाय, त्याचं तोंड लय उतरलंय, आज नको. पुढच्या खेपेला सांग त्याला, वाटी इसरला म्हणून."

ती पुढची खेप झालीच नाही. निरोप मात्र पोचला.

वाटी आता देवाजवळ नाही, मिक्सरशेजारी असते. काल पपई आणली. पहिली फोड वाटीत कुस्करली, तो लगदा बघून नेहमीसारखीच मळमळ झाली. नाक जवळ नेऊन हुंगलं. चांगली वाटली. पण तसं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा हुंगली.